पट्टा नसलेलं घर

बोट गॉर्डन नदीतून बाहेर पडून सारा नावाच्या जुन्या तुरुंगबेटाकडे वळली, तशी एल्व्हाने तिकडची नजर काढून घेतली. मघाशी जंगलातल्या फळ्यांच्या वाटेवर सगळे माना वर करकरून जुनाट ह्युऑन पाइन बघत होते. तिला त्यातलं एक झाड आठवेल तर शपथ. पुढच्या बाकावर तिची नात टॅम्सिन आणि टॅम्सिनची होणारी सासू ग्लेनिस लग्नाच्या केकवरून हसत होत्या. लग्नाआधी दोन्ही घरांनी एक दिवस एकत्र घालवावा म्हणून ही सहल, आणि जागा ग्लेनिसने निवडलेली.

ग्लेनिसचा खापरपणजा या बेटावर कैदी होता. मेंढी चोरली म्हणून आला आणि पाठ सोलून घेऊन गेला. एके काळी टास्मानियात असला पूर्वज सात पडद्यांआड ठेवायचे. आता पदकासारखा मिरवतात. एल्व्हाच्या घरी मात्र जुनंच चालू होतं. आमचा पूर्वज इथे शिपाई होता, एवढं सांगायचं आणि विषय बदलायचा.

टॅम्सिन सासूला कौतुकाने सांगत होती, की आमच्यात पोरांवर कधी कुणी हात उगारला नाही. घरात चामड्याचा पट्टासुद्धा नसतो. आजोबा, पणजोबा, सगळे पँटला खांद्यावरून गॅलिस लावायचे. का, ते तिला ठाऊक नव्हतं. एल्व्हाला ठाऊक होतं.

बेटावर पडक्या भिंतींमध्ये वाटाड्याने जुन्या फटक्यांच्या शिक्षेचा खेळ मांडला. कुणाकुणाचे पूर्वज कैदी होते, असं विचारताच भराभर हात वर गेले. ग्लेनिस हौसेने पुढे झाली आणि खांबाला मिठी मारून पाठमोरी उभी राहिली. आता कोरडे ओढणारा हवा होता. वाटाड्याने त्यातल्या त्यात गरीब चेहरा शोधला आणि गाठी मारलेला दोर एल्व्हाच्या हातात ठेवला. हशा पिकला.

“मारा ना, आजी,” ग्लेनिस मान वळवून म्हणाली. “तुमची नात नेतेय मी. काढा उट्टं.”

टॅम्सिनने फोटोसाठी मोबाइल वर धरला. एल्व्हाने दोर उचलला नाही. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पोरीचं लग्न सुखाने लागलं असतं. पण ती पाठ समोर होती.

“ग्लेनिस, आमचा माणूस शिपाई नव्हता,” ती म्हणाली. “तोही कैदीच. मांसाचा जास्तीचा तुकडा मिळायचा, म्हणून इथे कोरडे ओढायचा तो.”

हसू विरलं. मोबाइल खाली आला. ग्लेनिसने खांब सोडला, एल्व्हाच्या हातातून दोर काढून घेतला आणि वाटाड्याला परत दिला.

धक्क्याकडची वाट शेवाळाने निसरडी झाली होती. ग्लेनिस झपाझप पुढे निघाली. टॅम्सिन मध्ये, कुणाबरोबर चालावं ते न कळून. एल्व्हा सगळ्यांच्या मागे, एकटी. उतारावर ग्लेनिस थांबली. मागे वळून न बघताच तिने हात मागे केला.

“धरा, आजी. पडाल.”

एल्व्हाने आपला उजवा हात आधी कोटाला पुसला.