संध्याकाळी बघायचं घर

चौथ्या दारालाही बाहेरून कुलूप होतं आणि आत दिवा जळत होता.

स्मिताताईंनी तरीही बेल दाबली. आत टीव्हीवरच्या मालिकेतली सासू कुणावर तरी खेकसत होती. दाराखालच्या फटीतून उजेड त्यांच्या पावलांवर पडला होता. दार उघडलं नाही. उघडणार कसं? हे एवढं मोठं कुलूप कडीला लटकत होतं. आतल्या माणसाला असं कोंडून कोण जातं? त्या दोन पावलं मागे सरकल्या.

निघाल्या होत्या त्या आमंत्रणं करायला. उद्या त्यांच्याकडे चैत्रगौरीचं पन्हं होतं. अशोकराव गेल्यापासून हळदीकुंकू बंद झालं होतं, पण पन्हं प्यायला आणि कैरीची डाळ खायला चार बायका बोलवायला कुणाची परवानगी लागते? जुन्या घरी, सुदामा नगरात, एका हाकेसरशी गल्ली जमायची. पलीकडच्या वसुंधराबाई तर हाकेच्या आधीच वाटी घेऊन हजर. इथे बायपासच्या या नव्याकोऱ्या इमारतीत महिना होऊन गेला, पण लिफ्टमध्ये कधी माणूस भेटलं नव्हतं. सगळे जॉबवाले आहेत, असं वॉचमन म्हणाला होता.

जुनं घर विकलं ते मुलाच्या, शार्दूलच्या सांगण्यावरून. "आई, जुन्या घराला आत्ताच चांगला भाव आहे. बायपासला रेट दुप्पट होणार," असं तो पुण्याहून फोनवर सांगत राहायचा. स्मिताताईंना रेट घेऊन काय चाटायचाय? त्यांना शेजार हवा होता. तो दाखवला दलाल रघुवीरने.

"आंटीजी, माझा एकच सल्ला. घर दिवसा बघायचं नाही. दिवसा सगळ्याच बिल्डिंगी चांगल्या दिसतात. शामला या आणि खिडक्या बघा. दिवे लागले, म्हणजे समजायचं की माणसं आहेत."

सल्ला लाखमोलाचा वाटला. त्या संध्याकाळी आल्या, तर खिडकीखिडकीत दिवे होते आणि बाल्कन्यांमध्ये साड्या वाळत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

तोच सल्ला त्यांनी वसुंधराबाईंना दिला होता. आज त्या रघुवीरबरोबर इमारत बघायला येणार होत्या. पसंत पडली, तर सुदामा नगरचं घर विकून स्मिताताईंच्या भिंतीला लागून असलेला फ्लॅट घेणार होत्या. स्मिताताईंनी मनातल्या मनात गॅलरीत दुसरी खुर्ची मांडूनही टाकली होती.

इतक्यात किल्ल्या वाजल्या. पुढच्या दारातून एक बाई बाहेर आली. आतला दिवा तसाच ठेवून तिने दाराला कुलूप घातलं.

"घाबरून गेल्या का, ताई? मी पण पहिल्या दिवशी एकदम डरलीच होती."

"आत कोण आहे?"

"कोणीच नाही." ती हसली. "मी बेबी. माझ्याकडे हा माळा आणि वरचा. मालक सगळे इन्व्हेस्टर, कोणी दुबईला, कोणी सुरतला. भाव चढेपर्यंत बंदच ठेवतात. शाम झाली की मी लाईट लावते, टीव्ही चालू करते, माझ्याच दोन साड्या बाल्कनीत टाकते. खाली घर बघायला आलेले लोक गेले, की सगळं बंद करून मी पण घरी. रघुवीर भियांनी काम लावून दिलं."

स्मिताताईंना समोरची खिडकी आठवली. समोरच्या विंगमध्ये एक बाई रोज तिन्हीसांजेला खिडकीत दिवा लावायची. ती दिसली की त्यांना बरं वाटायचं. त्या लांबूनच तिला हात जोडायच्या. आता तीही खरी राहिली नाही.

"तुम्ही कोपऱ्यातल्या ना?" बेबी म्हणाली. "भिया तुमची बहोत तारीफ करतात. म्हणतात, त्या बाईला बघ, रोज टाइमावर दिवा लावते, गॅलरीत पण बसते, एकदम असली फॅमिली वाटते. तुमच्याकडे किती फ्लॅट दिलेत, ताई?"

तेवढ्यात स्मिताताईंच्या हातातला फोन वाजला.

"स्मिता, खाली आलेय गं!" वसुंधराबाईंच्या आवाजात उत्साह मावत नव्हता. "काय छान दिसतंय! सगळीकडे दिवे. रघुवीर म्हणताहेत, टोकनचे पैसे आजच देऊन टाका. पण तुझं घर कुठलं? कोपऱ्यात तेवढा एक फ्लॅट अंधारात आहे. तो रिकामा दिसतोय."

उजेड असताना बाहेर पडलेल्या स्मिताताई आज दिवा लावायला विसरल्या होत्या. फोन कानाशी धरून त्या घराकडे चालू लागल्या. दोन्ही बाजूंच्या बंद दारांआड टीव्ही बोलत होते.

खरं सांगितलं, तर वसू आल्या पावली परत जाईल. तिचं घर वाचेल, गल्ली वाचेल. आणि इथे आपण आणि ही कुलपं. नाही सांगितलं, तर भिंतीपलीकडे एक खरंखुरं माणूस येईल. खोकेल, भांडी आपटेल, हाक मारेल. स्मिताताईंना स्वतःची लाज वाटली. पण त्या हाकेसाठी जीव इतका आसुसला होता, की लाज मागे पडली.

"अगं, ऐकतेस ना?" वसुंधराबाई विचारत होत्या. "माणसं आहेत ना इथे? तू सांगशील ते खरं, बाई."

दार उघडून त्या आत शिरल्या. अंधारात स्मिताताईंचा हात बटणापाशी गेला.

"आहेत की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दिवा लावला.

"दिसलीस, दिसलीस!" वसुंधराबाई फोनवर लहान मुलीसारख्या ओरडल्या. "थांब, टोकन देते आणि वर येते."

स्मिताताईंनी फोन ठेवला. मागोमाग आलेली बेबी किल्ल्या घेऊन दारात उभी होती. किती फ्लॅट, या तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं.

"एकच," स्मिताताई म्हणाल्या.