सोमवारचा काटा

सत्यशीलानं पट्ट्यावर पाय ठेवला आणि समोरच्या पानटपरीवरची चार डोकी एकदम वळली.

कडा गावातल्या भर रस्त्यावरची जिम. पुढची भिंत अख्खी काचेची, आणि चालायचं मशीन नेमकं काचेला लागून. मागं कोपऱ्यात दुसरंही एक होतं. पण अभिमन्यूनं आधीच सांगितलं होतं, "मावशी, तुमी हितंच चालायचं. मागं जायचं न्हाई. लाज मोडायची तर चारचौघांत मोडावी."

जिम त्याचीच. सव्वीस वर्षांचा, गावातलाच पोरगा. सत्यशीलानं पदर कमरेला खोचला, त्यानं दिलेल्या बुटांत पाय कोंबले आणि मान खाली घालून चालू लागली. सत्त्याण्णव किलोंचं अंग हलत होतं. टपरीवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि हशा पिकला. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

पंधरा हंगाम तिनं नवऱ्याच्या जोडीनं ऊस तोडला होता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून सरसर ट्रकमध्ये चढायची. मग गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, गुडघे धरले, अंग सुटत गेलं. यंदा दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "हिलाच फळीवर चढवायला दोन गडी लागतेल." माणसं हसली. नवरा रामेश्वर खाली बघत राहिला आणि एकटाच गाडीत बसला. जाताना एवढंच बोलला, "संक्रांतीपर्यंत बघ काय जमतंय का. न्हाई जमलं तर मोहिनीला घिऊन जातो मोळ्या बांधायला."

मोहिनी दहावीला होती. वर्गात पहिली.

म्हणून सत्यशीला काचेपुढं उभी होती. नाहीतर ती मेली तरी तिथं उभी राहिली नसती.

अभिमन्यूचा नियम एकच. दर सोमवारी काटा. "आकड्यावर ठरवू, मावशी," तो म्हणाला होता. काट्याची धास्ती तिला जुनीच. ऊस उन्हात पडून राहिला की कारखान्याच्या काट्यावर घटतो, आणि घाम गाळलेला वाया जातो. तोडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सोमवारी निघताना ती तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन जायची.

रोज संध्याकाळी चार ते सहा तिनं चालायचं. बाजारच्या दिवशी सकाळीही. एक दिवस चुकवला नाही.

घरी आली की मात्र ती डबा उघडून बसायची. शेंगदाण्याचे लाडू, गूळ घालून केलेले. एकापाठोपाठ तीन. एकदा मोहिनीनं पाहिलं आणि ती चिडली.

"आई, तिकडं घाम गाळतीस अन् हितं लाडू खातीस. कावून?"

 सत्यशीलानं डब्याचं झाकण लावलं.

तिसऱ्या आठवड्यात रस्त्यापलीकडं एक बाई दिसू लागली. अंगानं चांगली भरलेली, हातात पर्स. थांबायची, काचेकडं बघायची, निघून जायची. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सत्यशीलानं मान वर केली. पहिल्यांदाच. बाईच्या चेहऱ्यावर तिला स्वतःची लाज ओळखू आली. तिनं हात वर करून बोलावलं, "या की आत!"

बाई रस्ता ओलांडून आली. रोहिणी तिचं नाव, बँकेत नोकरीला होती.

"सहा महिन्यांपासून यायचं म्हणत होते," ती म्हणाली. "धीरच होत नव्हता. तुम्हाला बघून आला."

असं कुणी सत्यशीलाला जन्मात म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून तिची मान खाली गेली नाही. टपरीवरचे हसून हसून दमले आणि आपापल्या चहाला लागले. रोहिणीमागून तिची जाऊ आली, जावेमागून शेजारीण. महिन्याभरात बायकांची संख्या पंचवीसवर गेली. सगळ्या सत्यशीलाला विचारूनच मशीनला हात लावत.

आणि अंगही ऐकू लागलं. गुडघ्याची कळ थांबली. देवळाच्या पायऱ्या ती कठडा न धरता चढली, आणि वर पोचल्यावर एकटीच हसली. किती वर्षांनी हे शरीर तिला आपलं वाटत होतं. पण आनंद निवांत भोगावा तर सोमवार उजाडायचा आणि छातीत धडधड सुरू व्हायची.

शहाण्णव. चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव. अभिमन्यू आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा.

संक्रांतीच्या आधीचा सोमवार आला. तिनं दोन तांबे पाणी प्यायलं, चार लाडू खाल्ले, गावदेवीपुढं हात जोडले. काट्यावर चढताना डोळे मिटून घेतले.

"अठ्ठ्याऐंशी!" रोहिणी ओरडली.

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रोहिणीनं तिला मिठी मारली. सत्यशीलाचे डोळे भरून वाहू लागले, ते बघून बाकीच्यांनीही पदर डोळ्यांना लावले.

अभिमन्यूनंही टाळ्या वाजवल्या. मग तो तिला दाराशी घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घिऊ नका. काचेत तुमाला बघून आता कोण थांबल? ह्या महिन्याचा पगार पुरा देतो. तुमी पयले होता तेवढ्या अंगाची कुणी बाई वळखीची आसंल, तर उद्यापासून तुमच्या जागी पाठवून द्या."