कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत

घरातला कॉम्प्युटर इतका रडतखडत सुरू व्हायचा, की वाट बघून कंटाळलेले नवरोबा तोवर भांडी घासून टाकायचे. उभ्या संसारात त्यांच्या हातून झालेलं काम तेवढंच, असं शिवणकाम करणाऱ्या त्यांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं.

रविवारी त्यांनी मेमरीची नवी पट्टी आणून जुनीच्या शेजारी बसवली. "या खिट्ट्या बाजूला केल्या की पट्टी अलगद बाहेर येते. जाऊ दे, तुझ्या डोक्यावरून जायचं. हे काय बटण लावणं आहे?"

सोमवारी कॉम्प्युटर चुटकीसरशी सुरू झाला. नवरोबा खुर्चीत जे रुतले, ते थेट जेवायला उठले. भांडी तशीच.

मंगळवारी कॉम्प्युटर पुन्हा ढिम्म.

"दुकानदाराने टोपी घातली मला!" कढई घासता घासता नवरोबा कडाडले. "उद्या दुप्पट मोठी पट्टी आणतो. दाखवलंय तुला, तूच खोच. एवढं तरी जमेल ना?"

"बघते बाई प्रयत्न करून," बायको म्हणाली.



आणि तिने बटणांच्या डब्यात, पहिल्या पट्टीच्या शेजारी, दुसरीसाठी जागा करून ठेवली.