वाटाण्याएवढी गोळी

सुधीरने यंत्र नामाच्या जाळ्यावरून फिरवलं. जराही आवाज नाही.

"शिसं तुमचंच हाय, साहेब," नामाने कान पकडले. "दसऱ्याला कारखान्यात कुणी नव्हतं. पेटी उचलली, खाडीच्या काठावर फोडली, जाळ्याला वजनं केली. आतली गोळी तितंच चिखलात पडली."

सुधीरला शिशाचं सोयरसुतक नव्हतं. लोखंडी सांध्यांच्या आतली चीर दाखवणाऱ्या त्या पेटीचा जीव होता वाटाण्याएवढी किरणोत्सारी गोळी. शिशाबाहेर ती अंगाला आतून जाळते, न दिसता. तीन दिवस झाले होते. ज्याच्या हाती ती लागली असेल, तो मरणाच्या वाटेला लागला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मुंबईहून जाणकार यायला आणखी दोन दिवस. तोवर आंबिवलीच्या कारखान्यातून सुधीरच निघाला. नकाशे काढणारा माणूस तो; यंत्राचं ज्ञान दहा मिनिटांचं. बटण दाबायचं, टिकटिक वाढली की गोळी जवळ. बस्स.

काठावरचा चिखल झाला, होड्या झाल्या, घरं झाली. अख्खा कोळीवाडा मागून. एवढी गंमत जत्रेतही नसते.

"काय बोलतंय तुमचं यंत्र?" नामाच्या आईने, आवडाबाईने विचारलं.

"काही नाही बोलत. तेच बरं."

तिच्या झोळीत नात हातपाय झाडत होती. गळ्यात काळ्या दोऱ्याने गच्च गुंडाळलेला मणी. सुधीर थबकला. केवढा तो? वाटाण्याएवढाच.

"हे काय?"

"देवीचा मणी हाय. दोरा नका सोडू, साहेब. पोरीला नजर लागंल."

 त्याने मणी तळहातावर घेतला, यंत्र अगदी टेकवलं. पाच मिनिटं धरलं. शांत. त्याला स्वतःचंच हसू आलं. उगाच म्हातारीचं मन दुखवलं असतं! मणी त्याने पोरीच्या गळ्यात नीट सरकवला.

"गोळी ओहोटीबरोबर गेली असणार," त्याने सगळ्यांना सांगितलं. "बिनघोर राहा."

आवडाबाईने त्याच्यावरून बोटं मोडली.

सुधीर मोकळ्या मनाने कारखान्यात परतला. कोठार सांभाळणारा मधु दारातच भेटला.

"साहेब, यंत्र नेलंत होय? मला सांगायचं तरी!" त्याने कपाटातून पुडी काढली. आत चार सेल होते, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. "खंडेनवमीला यंत्र पूजेत मांडताना मी हे त्यातून काढून ठेवलेले."