पोटातल्या लेकराचा आवाज

"मम्मी, माझे पाय खूप दुखतात गं," मशीनमधून सहा वर्षांच्या लेकराचा आवाज आला. ते लेकरू अजून शालनच्या पोटातच होतं. तपासणीत दोष निघाला, की निर्णयाआधी आईबापांना असा पुढच्या काळातला आवाज ऐकवायची आता पद्धतच पडली होती.

तिचा नवरा सुकुमार डोळे पुसू लागला. शालननं सरळ बटण दाबून मशीन बंद केलं.

"आमच्या घरात कुणी मम्मी म्हणत नाही, आये म्हणतात. हे माझं लेकरू नव्हे," ती समुपदेशक मृदुलाताईंना म्हणाली. "ठेवायचं की नाही, ते आम्ही ठरवू. पण सगळे मलाच ऐकवतायत. माझं ऐकणारं मशीन आहे का तुमच्याकडं?"

मृदुलाताईंनी मशीनची वायर काढली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मशीन नाही. मी आहे. बोल."