चवड्यांवर

रोवेना ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. हॉस्पिटलनं तिच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, ते हातात पडायला सहा वर्षं गेली. आता कुठे नवरा फिलिपिन्समधल्या इलोइलोहून लेकाला घेऊन येत होता. पाऊल टाकायला लागायच्या आधीच तिनं त्याला मागे ठेवलं होतं. पण चेहरा रोज फोनवर बघायची. परवा पुढचा दात पडला, तेसुद्धा तिला माहीत होतं.

विमानतळावर खोक्यांनी भरलेली एक ट्रॉली पुढे आली. तिच्यामागे फक्त दोन छोटी पावलं दिसत होती. टाच टेकतच नव्हती.

"बघ गं लुर्देस, पोर एवढं मोठं झालं तरी चवड्यांवरच चालतंय," ती मैत्रिणीला म्हणाली. "याची आई काय झोपली होती का इतकी वर्षं?"



खोक्यांआडून पुढचा दात पडलेला चेहरा डोकावला, "ममा!"