रेंजबाहेर

भाजी आणायला गेली तरी दामिनीच्या मागं नवऱ्याचा, उमेशचा फोन लागलेलाच. "कुठी हायेस? लोकेशन धाड." त्यामुळं मेळघाटातल्या आडवस्त्यांचा नकाशा करायला माणसं हवीत म्हटल्यावर तिनं सगळ्यांत आधी नाव दिलं. दवाखान्याच्या गाडीला वाट सापडावी, एवढं पुण्याचं काम. उमेशलाही नाही म्हणता आलं नाही.

घाट लागला आणि रेंज गेली. नकाशाचं ॲप मात्र नेटशिवायही चालायचं. दामिनीनं घरं, विहिरी, पायवाटा त्यात नोंदवल्या आणि दुपारी काम आटोपल्यावर एकटीच ओढ्यात पाय सोडून बसली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आपण या घडीला कुठं आहोत हे कुणालाच ठाऊक नाही, असं आज पहिल्यांदाच घडत होतं.

संध्याकाळी तिनं घरात पाऊल टाकताच उमेशनं रोजच्यासारखा तिचा फोन मागून घेतला आणि ते ॲप उघडलं. तिची दिवसभराची चाल त्यात हिरव्या रेघेनं, वेळेसकट उमटली होती. रेघेवरून सरकत गेलेलं त्याचं बोट एका जागी थांबलं.


"इथं ओढ्यापाशी चाळीस मिनिटं काहून बसली होती वं? कोन होतं संग?"